घोडा का अडला?

दिवाळीत अंगणात किल्ला उभा राहिला की त्यावर एक घोडेस्वार हवाच. घोड्याने पुढचे दोन पाय उचललेले, स्वाराच्या डोक्यास फेटा, हातात काडीचा भाला आणि रंगाऱ्याने एका फटकाऱ्यात ओढलेल्या मिशा. चार-सहा दिवस तो अळिवाच्या हिरवळीत तसाच उभा असतो. रात्री दव पडते, शेजारी फटाके फुटतात, एखादे मांजर अंगावरून उडी मारून जाते. पण गडी काही खोगिरावरून ढळत नाही.

आपल्या मनातला मराठा स्वारही बहुधा ह्या मातीच्या स्वारासारखाच असतो. तो जन्माला आला तोच घोड्यावर बसून, भीती त्याला ठाऊक नव्हती आणि पडणे त्याच्या कुंडलीत नव्हते, असे आपण धरून चालतो. ह्यात आम्हां कादंबरीकारांचाही हातभार आहे. ऐतिहासिक कादंबरीतला घोडा दाणा मागत नाही, त्याचा नाल झिजत नाही, आणि ऐन पाठलागात ओढ्याच्या काठी येऊन तो मान खाली घालून उभा राहत नाही. नायकाने टाच मारली की खंदक मागे पडलाच म्हणून समजावे.

इतिहासातला घोडा मात्र अडतो. इतिहासातला स्वार पडतो. कधी त्याचा हात मोडतो, कधी प्राण जातो, आणि कधी तो धूळ झटकून पुन्हा रिकिबीत पाय घालतो. तो पुन्हा पाय घालतो तो कशाच्या बळावर, हा प्रश्न मला लढायांच्या तारखांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्यांना आपण शूर म्हणतो त्यांनी आपल्या भीतीचे काय केले, हे त्यातून कळते.

बिरबलाच्या नावावर सांगितले जाणारे ते जुने कोडे घरोघर ठाऊक आहे. पाने सडली, भाकरी करपली, घोडा अडला. तिन्हींचे कारण एक. वर्गात हे कोडे घातले की मागच्या बाकावरून सुद्धा उत्तर येते : फिरवले नाही म्हणून! उत्तर सोपे आहे, म्हणून आपण पुढे विचार करीत नाही. पण नीट पाहिले तर ह्या कोड्यात पानाला, भाकरीला किंवा घोड्याला कुणी दोष दिलेला नाही. दोष आहे तो फिरविणाऱ्या हाताचा. मराठ्यांच्या घोडदळाचा इतिहास चाळताना हे कोडे मला वारंवार आठवते.

*

आमचा धाराशिव जिल्हा तसा घोड्याच्या वाटेवरचा. मध्यंतरी त्याचे नाव उस्मानाबाद होते. २०२३ साली ते पुन्हा धाराशिव झाले. पश्चिमेस सीना, उत्तरेस मांजरा, पोटातून वाहणाऱ्या तेरणा आणि बोरी, आणि मधोमध बालाघाटचे पठार. काळी जमीन पावसाळ्यात खूर गिळते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की भरधाव जनावराचा पाय त्यात सापडला तर नळी मोडलीच. जागोजाग ओढे आणि नाले. काठ उभे, खालची वाळू फसवी. असल्या मुलखात स्वाराला रोजच लहानमोठ्या उड्या घ्याव्या लागत. त्यासाठी मुद्दाम आखाडा बांधण्याची गरज नव्हती.

ह्या भूमीला साजेसे जनावरही येथलेच होते. भीमेच्या काठचे म्हणून त्याला भीमथडी म्हणत. अंगाने लहान, दिसायला साधे, पण पायाचे पक्के आणि थोडक्या वैरणीवर दिवस काढणारे. अरबी घोड्याचे देखणेपण त्याला नव्हते. तरी भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्याल्याचा अभिमान मराठी माणूस अजून मिरवतो. दख्खनच्या धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहून नेणारी ही तट्टे आजही माळावर दिसतात, आणि कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच नोंद केली आहे.

ह्याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्याशी मराठा स्वाराच्या कीर्तीचा आरंभ जोडलेला आहे. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा मलिक अंबराने मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून परंड्याहून नवा डाव मांडला. समोरासमोर उभे राहण्याइतके बळ नव्हते. म्हणून त्याने मराठी स्वारांच्या टोळ्या हाताशी धरल्या. हलके सामान, हलका घोडा. रसद तोडायची, रात्री छावणीवर पडायचे, पाठलाग झाला की मोगलांच्या जड घोड्यांना जेथे येता येणार नाही अशा ओढ्याघळींतून निसटायचे. दिल्लीकरांना हे ‘बर्गी’ डोकेदुखी होऊन बसले. ह्या युद्धपद्धतीला आपण गनिमी कावा म्हणतो. तिच्यात बुद्धी होती हे सर्व जण सांगतात. पण अंधारात, अनोळखी ओढ्यावरून घोडा घालण्याची छातीही तीत होती, आणि ती छाती काही एका रात्रीत तयार झालेली नव्हती.

*

ती तयार कशी होत असे, हे पाहायचे तर पागेत शिरले पाहिजे.

मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार मोठे : बारगीर आणि शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. शिवछत्रपतींच्या पागेची रचना सभासदाने दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. शाळेत आपण हे आकडे पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण त्या पखालजीकडे आणि नालबंदाकडे जरा थांबून पाहावे. पंचवीस माणसे जेव्हा घोडा भरधाव सोडतात, तेव्हा त्यांच्या मागे पाणी घेऊन येणारा एक आणि सैल झालेला नाल ठोकणारा एक, असे दोन गृहस्थ उभे असतात. नाल सैल आहे ही शंका ज्याच्या मनात आहे, त्याच्याने उडी घेववत नाही.

ह्याहून मोठी गोष्ट घोड्याच्या मालकीची. बारगिराचा घोडा लढाईत पडला तर सरकारचे जनावर पडले. बारगीर जिवंत असेल तर पागेतला दुसरा घोडा त्याच्या मांडीखाली येई. शिलेदाराचे तसे नव्हते. त्याचा घोडा म्हणजे त्याचे शेत, त्याची दुभती म्हैस आणि त्याची नोकरी, सगळे एकाच जनावरात. घोडा मेला की तो पायउतार झाला, आणि पायउतार झाला की त्याचा पगार बंद. पेशवाईच्या उत्तरकाळात पेशव्यांच्या पायदळात नोकरीस असलेल्या विल्यम टोन नावाच्या आयरिश गृहस्थाने मराठ्यांच्या फौजेविषयी लिहून ठेवले आहे. त्यात त्याचे एक निरीक्षण मार्मिक आहे : घोडा स्वाराच्या मालकीचा असल्यामुळे आणि त्याचे नुकसान स्वारालाच सोसावे लागत असल्यामुळे स्वार लढाईत घोडा जपतो.

ह्यावर चिडण्याचे कारण नाही. घरी चार तोंडे खाणारी असताना एकुलता एक घोडा भाल्यांच्या गर्दीत घालावा की नाही, ह्याचा विचार करणारा शिलेदार भित्रा नव्हता, प्रापंचिक होता. धैर्य हा केवळ छातीचा गुण आहे असे आपण म्हणतो; पण पडल्यावर नुकसान कुणाचे, ह्या हिशेबाशीही त्याचा संबंध असतो. ज्याला पडणे परवडते तो उडी घेतो. शिवछत्रपतींनी पागेला महत्त्व देऊन शिलेदारांनाही तिच्या शिस्तीखाली ठेविले, त्यात राज्याची शिस्त हा हेतू होताच. पण स्वाराला पडणे परवडावे, ही सोयही त्यात आपोआप झाली.

मग मांडीचे शिक्षण. मराठीत ‘मांड’ हा शब्द किती ठिकाणी आला आहे पाहा : मांड ठोकणे, मांड बसणे, मांड पक्की असणे. राज्यकारभारात एखाद्याची मांड बसली असे आपण म्हणतो, तेव्हा तो शब्द थेट खोगिरावरून उतरून कचेरीत आलेला असतो. घोडा उडतो तेव्हा हात स्वाराला वाचवीत नाहीत, मांड वाचविते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे चैतन्य आणले. तेल लावलेल्या गुळगुळीत खांबाला मांडीने धरून राहायचे, डोके खाली करून लोंबायचे आणि सुटता सुटता स्वतःला सावरायचे, ही विद्या स्वाराच्या किती कामाची आहे हे सांगायला नको. खांब लाथ मारीत नाही आणि उधळत नाही. पडण्याची ओळख आधी त्याच्यापाशी करून घ्यावी हे बरे.

मांड बसली म्हणजे हात मोकळे होतात. पहिल्या बाजीरावाची एक गोष्ट सांगतात. ह्या माणसाचे रूप कसे आहे ते पाहण्यासाठी चित्रकार पाठविला गेला. त्याने चित्र काढून आणले ते असे : खांद्यावर भाला टेकलेला, लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, आणि स्वार जोंधळ्याची कणसे तळहातावर चोळून दाणे तोंडात टाकीत चालला आहे. गोष्ट ऐकून लोक बाजीरावाच्या साधेपणाची तारीफ करतात. मला त्यात सैल लगाम दिसतो. घोड्यावर ज्याचा विश्वास नाही त्याचा लगाम सैल राहत नाही, आणि स्वारावर ज्याचा विश्वास नाही तो घोडा सैल लगामाने नीट चालत नाही.

*

आता एका पडण्याची हकीकत.

भूम तालुक्याच्या शेजारी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात खर्डे आहे. तेथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम ह्यांची मोठी लढाई झाली. मराठ्यांचे सेनापतित्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. निजामाच्या फौजेचा अंदाज घेण्यासाठी भाऊ स्वतः थोड्या लोकांनिशी पुढे गेले आणि पठाण स्वारांनी त्यांना गाठले. भाऊंचे पुतणे विठ्ठलराव तेथे मारले गेले. लालखान नावाच्या पराक्रमी बलुची स्वाराने भाऊंवर चाल केली, आणि भाऊ जखमी होऊन घोड्यावरून खाली आले.

सेनापती घोड्यावरून पडला! त्या काळच्या लढाईत ह्याचा अर्थ बहुधा एकच होई. हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली म्हणून जिंकत आलेल्या फौजा पळाल्याचे दाखले हिंदुस्थानच्या इतिहासात थोडे नाहीत. येथेही पहिल्या धक्क्यास मराठ्यांची आघाडी हललीच. पण भाऊंचा थोरला मुलगा हरिपंत जवळ होता. बाप पडलेला पाहताच त्याने लालखानावर घोडा घातला आणि त्याला जागच्या जागी ठार केले, असे ग्रँट डफ सांगतो. भाऊ वाचले. शिंद्यांच्या जिवबादादा बक्षींनी आपली बाजू सावरली, तोफांनी काम केले, आणि संध्याकाळनंतर निजाम मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडून बसला. पुढे झालेल्या तहात दक्षिणेस परंड्यापासून उत्तरेस तापीपर्यंतचा मुलूख आणि दौलताबादचा किल्ला निजामाने मराठ्यांना देऊ केला. तहाच्या अटी आपण लक्षात ठेवतो. पण त्या दिवशी सकाळी एक प्रौढ सेनापती मातीत पडला होता आणि त्याला उचलणारे माणूस हाकेच्या अंतरावर होते, ही गोष्ट त्या अटींइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अशीच एक हकीकत साता समुद्रापलीकडली, पण आपल्याकडच्या पलटणीची. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाब येथे मुंबई इलाख्याच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाच्या चौकोनावर हल्ला केला. चौकोन म्हणजे चारी बाजूंनी संगिनींचे कुंपण. आर्थर मूर ह्या अधिकाऱ्याने त्या संगिनींवरून घोडा आत उडविला. घोडा आत जाऊन मेला, मूर त्याच्याखाली सापडला आणि तरवार मोडली. तेवढ्यात जॉन माल्कमसन हा त्याचा सोबती वाट कापीत आला, त्याने आपली रिकीब त्याला धरायला दिली आणि दोघे बाहेर पडले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही पलटण पुढे १९२१ साली पूना हॉर्समध्ये विलीन झाली. उडीला पदक मिळते हे समजण्यासारखे आहे. परंतु पुढे केलेल्या रिकिबीलाही तेच पदक मिळाले, ह्यात सैनिकी जगाचे शहाणपण दिसते.

*

ह्याच सुमारास आमच्या जिल्ह्याचा घोडदळाशी एक चमत्कारिक संबंध जडला. निजामाच्या खर्चाने चालणारी पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिचा पगार थकला, कर्ज वाढले, तेव्हा १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव हे प्रांत तिच्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून दिले. म्हणजे परंडा-तुळजापूरकडच्या कुणब्याने भरलेला सारा हा कुठल्या तरी स्वाराच्या घोड्याचा दाणा झाला! धाराशिवचा प्रांत १८६० साली निजामाला परत मिळाला. मधल्या काळात नळदुर्गास कारभारी होता कर्नल मेडोज टेलर, ठगाच्या जबानीवरची कादंबरी लिहिणारा. तुळजापूर-नळदुर्गचा हा मुलूख त्याच्या मनात इतका भरला की ‘तारा’ ही १८६३ साली निघालेली त्याची कादंबरी त्याने ह्याच परिसरात घडविली.

ह्या कंटिंजंटच्या रिसाल्यांत शिलेदारी पद्धतच चालू होती. पण शिलेदाराची जुनी चिंता ह्या काळात एका साध्या युक्तीने हलकी झाली. शिलेदारी रिसाल्यांत स्वारांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून एक फंड ठेवीत. त्याला ‘चंदा’ म्हणत. कुणाचा घोडा मेला की त्या चंद्यातून त्याला दुसरा घोडा घेण्यास मदत होई. चार-चार, आठ-आठ आण्यांनी जमलेल्या त्या पैशांत किती जणांचे धैर्य साठवलेले असे! एकाचे पडणे सगळ्यांनी वाटून घेतले की पडणे हलके होते. ही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धानंतर मोडली. तोवर ह्याच कंटिंजंटच्या रिसाल्यांतून डेक्कन हॉर्स ही पलटण तयार झाली होती, आणि १४ जुलै १९१६ रोजी तिच्या स्वारांनी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर, तोफा आणि मशीनगनांच्या काळात, भाले सरसावून घोडे घातले होते. आज त्या पलटणीत घोडे नाहीत, रणगाडे आहेत. नाव मात्र राहिले आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, तेव्हा रस्त्यावर टापांचा आवाज नव्हता, इंजिनांचा होता. घोड्याचे युग संपले होते.

*

आणि आता ती हकीकत, जी सांगताना मराठी माणसाचा आवाज आजही जड होतो.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी पाठीशी मूल बांधून किल्ल्याच्या तटावरून घोडा खाली उडविला, अशी कथा आहे. झाशीस ती जागाही दाखवितात. कथा सुंदर आहे. पण पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, जे त्या वेळी झाशीत होते, त्यांच्या ‘माझा प्रवास’ मधली राणी मला अधिक मोलाची वाटते. ती रोज व्यायाम करते, मल्लखांब करते, घोडा मंडळावर धरते. घोड्याच्या परीक्षेत तर तिची कीर्ती दूरवर होती. दोन देखणे घोडे विक्रीस आले असता तिने एकाची किंमत हजाराच्या घरात केली आणि दुसऱ्याची अवघी पन्नास, कारण दिसायला उमदा असला तरी तो छातीत दुखावलेला होता. बसून, फिरवून, श्वास ऐकून तिने हे ओळखले. बाईंचे धैर्य उडीत दिसते खरे. पण त्याचा पाया ह्या रोजच्या सकाळच्या फेरफटक्यात होता.

१८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक कोटा की सरायच्या लढाईत त्या पडल्या. परंपरेने सांगितलेली हकीकत अशी की त्यांचा नेहमीचा घोडा त्या दिवशी नव्हता. नव्या घोड्यावर त्या होत्या, आणि पाठलाग चालू असताना वाटेत एक ओढा आला. नवा घोडा काठावर येऊन अडला. जागच्या जागी फिरू लागला. तेवढ्यात पाठलाग करणारे येऊन पोहोचले.

हिंदुस्थानात घोड्याची इतकी पारख असलेली माणसे थोडी होती. तरी तिचा घोडा अडला. तिची मांड कच्ची नव्हती, तिची छाती तर नव्हतीच नव्हती. घोडा तिने फिरविलेला नव्हता, इतकेच. त्याला तिचा हात ठाऊक नव्हता आणि तिला त्याची भीती ठाऊक नव्हती. बिरबलाचे ते गमतीचे कोडे येथे येऊन थांबते, आणि त्याचे उत्तर देताना हसू येत नाही.

*

घोडा अडतो तो हट्टाने, असे चाबूक हाती असलेल्याला नेहमी वाटते. खरे पाहता घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आजूबाजूचे त्याला पुष्कळ दिसते, पण अगदी नाकासमोरचे दिसत नाही. अडथळ्याजवळ येऊन उडी घेण्याच्या क्षणी तो अडथळा त्याच्या नजरेआड झालेला असतो. म्हणजे तो उडतो ते थोडे आठवणीवर आणि थोडे विश्वासावर. पाठीवरचा माणूस घाबरला तर तेही त्याला कळते. स्वाराच्या हृदयाचे ठोके वाढले की घोड्याचेही वाढतात, हे संशोधकांनी मोजून पाहिले आहे.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात झेनोफन नावाच्या सेनानीने घोडेस्वारीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात अननुभवी घोड्याला उडी कशी शिकवावी ते सांगितले आहे. आधी माणसाने स्वतः खाली उतरून खंदकापलीकडे उडी मारावी, आणि मग सैल धरलेल्या दोरीने घोड्याला आपल्या मागे बोलवावे. पाठीवर बसून उडताना आयाळ धरावी, म्हणजे लगामाचा हिसका त्याच्या तोंडाला बसत नाही. आणि घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत ह्याहून फारसे अधिक मला सापडलेले नाही.

तरीही शेकडो वर्षे स्वार उडी घेताना मागे रेलत, लगाम ओढून धरीत आणि त्यालाच सुरक्षित समजत. घोड्याच्या तोंडाला कळ लागे, पाठीवर भार पडे, आणि उडी म्हणजे दुखणे अशी त्याची समजूत होई. मग तो अडे. इटलीच्या घोडदळातला फेदेरिको काप्रिली हा अधिकारी विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच्या उलट शिकवू लागला : उडीबरोबर अंग पुढे न्यावे, हात सैल सोडावा, घोड्याला त्याची मान त्याच्या मनाप्रमाणे वापरू द्यावी. १९०२ साली त्याने स्वतः दोन मीटर आठ सेंटिमीटर उंचीची उडी घेऊन दाखविली. पुढे सगळ्या जगाने त्याची बैठक उचलली. तो मात्र १९०७ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, घोड्यावरून पडूनच गेला. पडण्यातून कुणाचीच सुटका नाही, शिकविणाऱ्याचीही नाही.

म्हणून चांगला चाबुकस्वार, म्हणजे घोडा तयार करणारा जाणता माणूस, पडायलाही शिकवितो. पाय रिकिबीत अडकू देऊ नये, कारण पडण्याहून फरफटणे वाईट. अंग ताठ न करता गोळा करावे आणि घोड्यापासून दूर गडगडावे. उडीची सुरुवात जमिनीवर ठेवलेल्या वाशापासून करावी. तो घोड्याने कंटाळेपर्यंत ओलांडला की वीतभर वर, मग हातभर. नजर खंदकात नव्हे, पलीकडच्या काठावर ठेवावी. आणि एखाद्याची मांड सुटून तो पडलाच, हाड शाबूत असले, तर त्याच दिवशी त्याला पुन्हा बसवावे, पण त्याच उंचीवर नव्हे. एक पायरी खाली येऊन, जमते त्या वाशावरून न्यावे, आणि घरी पाठवावे ते जमलेल्या उडीची आठवण देऊन.

आज हे शिक्षण अगदीच नाहीसे झालेले नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घोडेस्वारी अजून शिकवितात. संस्थानांच्या जुन्या रिसाल्यांतून, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या स्वारांसह, १९५३ साली उभी राहिलेली ६१ वी कॅव्हलरी घोडे राखून आहे. तिच्याच रघुवीरसिंगाने १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत उड्यांचा समावेश असलेल्या तीन दिवसांच्या कठीण शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. आमच्याकडे अणदूर आणि नळदुर्ग ह्या दोन गावांनी एकच खंडोबा वाटून घेतला आहे. वर्षाचा काही काळ तो येथे, काही काळ तेथे. कुणबी, धनगर, ब्राह्मण, सगळ्यांच्या देवघरांतल्या टाकावर तो घोड्यावर बसलेलाच आहे. देवसुद्धा आम्ही पायी ठेविला नाही.

पण घरातले पोर सायकलवरून पडले की आम्ही काय करतो? एक तर सायकल माळ्यावर टाकतो, नाहीतर ‘मावळ्यांचा वंशज आणि रडतोस?’ म्हणून त्याला लाजवितो. गणितात नापास झालेल्या मुलालाही हीच दोन औषधे मिळतात. मावळ्याचा खरा इतिहास त्याला कुणी सांगत नाही : की त्याच्या मागे पखालजी होता, नालबंद होता, चंदा होता, रिकीब पुढे करणारा सोबती होता, आणि आधी कितीतरी दिवस जमिनीवरचा वासा ओलांडवून घेणारा एक न रागावणारा माणूस होता.

तेव्हा पाडव्याला मुले जवळ बसली म्हणजे त्यांना ते जुने कोडे जरूर घालावे. ती उत्तर बरोबर देतील. मग पुढचा प्रश्न मोठ्यांनी आपापल्या मनात विचारावा : घोडा फिरवायचे काम कुणाकडे होते?